प्रवास-प्रश्नोत्तरे : वाईला दोन तास पुरतील का?

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही चिंचवडहून महाबळेश्वरला निघालो आहोत. बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आहेत आणि दोघांचेही गुडघे दुखतात. वाटेत वाईला ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन दोन तासांत पुढे जावे, असे ठरते आहे. तेवढ्या वेळात वाई पाहून होते का?

उत्तर : दर्शन होईल, वाई पाहून होणार नाही. महाबळेश्वरचा एक मुक्काम कमी करून ती रात्र वाईला काढा, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवेन. हे गाव नदीकडे तोंड करून वसलेले आहे आणि त्याचे खरे रूप सकाळी, उन्हे घाटाच्या पायऱ्यांवर उतरत असताना दिसते. दुपारी बाराच्या सुमारास येऊन गाडीतून उतरणाऱ्याला दिसते ती बहुतेक बाजारपेठच.

सकाळी सातच्या आत गणपती आळीच्या घाटावर या. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली बांधलेल्या महागणपतीच्या देवळात एकाच पाषाणातून घडवलेली भव्य मूर्ती आहे आणि तिच्या आकारावरूनच लोक त्याला प्रेमाने ‘ढोल्या’ म्हणतात. दर्शन घेऊन लगेच परतू नका, देवळाला वळसा घालून मागच्या बाजूला जा. गाभाऱ्याची मागची भिंत सपाट नाही, ती माशाच्या आकारासारखी निमुळती होत गेलेली आहे. कृष्णेचा पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो, दोन्ही अंगांनी निघून जातो आणि भिंतीवर थेट मारा होत नाही. अडीचशेहून अधिक वर्षे नदीच्या इतक्या जवळ हे देऊळ उभे आहे, त्यामागे हे शहाणपण आहे. बहुतेक यात्रेकरू नेमकी हीच भिंत न पाहता निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते.

शेजारीच काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे. तिथला काळ्या दगडाचा गुळगुळीत नंदी आणि प्रांगणातल्या दीपमाळा निवांत पाहण्याजोग्या आहेत. घाटाच्या पायऱ्या उंच असल्यामुळे आई-बाबांना पाण्यापर्यंत नेण्याचा हट्ट धरू नये. त्यांना या देवळाच्या आवारात सावलीत बसवावे, तिथेही नदीचा वारा येतो. गल्ल्या अरुंद आहेत, म्हणून गाडी पेठेबाहेरच लावलेली बरी. वडिलांना वाचनाची आवड असेल, तर हेही त्यांना जरूर सांगा, की मराठी विश्वकोशाचे काम याच गावात उभे राहिले. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथल्या प्राज्ञपाठशाळेत घडले आणि महानगराकडे न जाता वाईतच राहिले.

न्याहारी झाली की धोमला जा. नरसिंहाच्या आणि महादेवाच्या देवळांच्या आवारात कमळाच्या आकाराचे एक दगडी कुंड आहे, त्याच्या मध्यभागी कासव आहे आणि कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला आहे. कुंड पाण्याने भरलेले असले म्हणजे नंदीला पाठीवर घेऊन कासव तरंगत असल्याचा भास होतो. तिथून परतून पसरणीचा घाट चढा आणि पाचगणीच्या सिडनी पॉइंटवर थोडे थांबा. धोमचा जलाशय, पांडवगड आणि खालचे कृष्णेचे खोरे तिथून एका नजरेत येते आणि सकाळी आपण कुठे बसलो होतो, ते आई-बाबांना बोटाने दाखवता येते.

प्रश्न : मेणवलीच्या घाटावर चर्चमधली घंटा आहे, असे मुलाने शाळेत ऐकले. हे खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : खरे आहे. 1739 साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आणल्या गेल्या आणि निरनिराळ्या देवळांना दिल्या गेल्या. मेणवलीची घंटा त्यांपैकीच एक आहे. मुलाला जवळ नेऊन दाखवा : तिच्यावर 1707 हा आकडा आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. मात्र ती वाजवून पाहण्याचा मोह टाळावा, जुन्या ओतीव धातूला हादरे सोसत नाहीत. घाटालगतचा वाडा नाना फडणवीसांचा. आतले चौक आणि भिंतींवरची चित्रे पाहायची असतील, तर वाडा खाजगी असल्याचे लक्षात ठेवून तिथल्या माणसांना आधी विचारावे. मेणवली वाईपासून तीन-चार किलोमीटरवरच आहे.

प्रश्न : वाईला कोणत्या दिवसांत जावे? कृष्णेत स्नान करता येते का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दिवाळीपासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम. माघापासून पुढे कृष्णाबाईचा उत्सव असतो. नदीच्या घाटांवर आळीआळीने, एकामागून एक तो साजरा होतो. अफझलखान वाईवर चालून आला त्या संकटकाळी बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी इथली परंपरा सांगते. आपण त्या काळात येणार असाल, तर त्या आठवड्यात कोणत्या घाटावर उत्सव आहे, हे गावात चौकशी करूनच निघावे.

स्नानाबाबत मात्र मी सावधच राहायला सांगेन. वरच्या अंगाला धोमचे धरण आहे आणि पाणी सोडले की पात्रातली पातळी बघता बघता वाढते. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळही असते. घाटावर रोज येणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये, आणि उतरलात तरी शेवटच्या दिसणाऱ्या पायरीच्या पुढे जाऊ नये.