पेन्शनचा लम्पसम काढला तर युनिव्हर्सल क्रेडिट बंद होईल का?

प्रश्न : माझं वय ६१, पत्नीचं ५८. लेस्टरला भाड्याच्या घरात राहतो. कारखान्यातली नोकरी गेल्यापासून युनिव्हर्सल क्रेडिटवर (कमी उत्पन्न असलेल्यांना ब्रिटन सरकार देतं त्या भत्त्यावर) घर चालतं. पत्नीला आजारपणामुळे पिप (अपंगत्व-आजारपणाचा सरकारी भत्ता) मिळतं. जुन्या नोकरीचा ४८ हजार पौंडांचा पेन्शन पॉट (पेन्शनसाठी साठलेली रक्कम) आहे. त्यातले १२ हजार, म्हणजे पाव हिस्सा, एकरकमी (लम्पसम) करमुक्त काढून ४ हजारांचं क्रेडिट कार्ड फेडावं आणि ८ हजार कराडजवळच्या आमच्या घराच्या छपरासाठी भावाला पाठवावेत, असं मनात आहे. इथल्या बँकेत अडीच हजार आहेत. गावी साधारण तेवढ्याच किमतीची एफडी आहे, ती इथे सांगायची नसते ना?

उत्तर : पेन्शन कंपनीच्या फॉर्मवर अजून सही केली नसेल तर थांबा.

आधी एफडीचं. ती सांगावीच लागते. पैसे लेस्टरमध्ये असोत की कराडात, नवराबायको दोघांचे मिळून भांडवल म्हणून मोजले जातात. आज तुमचे दोन्हीकडचे मिळून ५ हजार होतात. ६ हजारांपर्यंत काहीच कापत नाहीत, म्हणजे आज सांगितलंत तर एक पेनीही जाणार नाही. लपवलेली एफडी उद्या सापडली तर मात्र तुमच्या प्रत्येक शब्दावर संशय घेतला जाईल. कृपा करून आजच युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये लिहा.

आता पेन्शन. पॉटमध्ये आहे तोवर, तुमचं सरकारी पेन्शनचं वय होईपर्यंत, तो पैसा युनिव्हर्सल क्रेडिटच्या हिशेबात धरत नाहीत. खात्यावर आला की धरतात. १२ हजार आले की तुमचे १७ हजार होतात आणि १६ हजारांवर हक्कच संपतो. कार्ड फेडून १३ हजार उरले, तर ६ हजारांवरच्या दर २५० पौंडांमागे महिन्याला ४.३५ पौंड कापतात, तुमचे १२१.८० जातील. पिपला यातलं काहीच लागू नाही, ते उत्पन्न-बचत पाहून दिलं जात नाही.

तुम्ही म्हणाल, ८ हजार तर भावाकडे गेले, मग कसले १३ हजार? इथेच लोक फसतात. भत्ता मिळावा किंवा वाढावा म्हणून पैसे दुसऱ्याला दिले असं अधिकाऱ्याला वाटलं, तर ते अजून तुमच्याकडेच आहेत असं धरून कपात होते. त्याला डिप्रिव्हेशन ऑफ कॅपिटल (भांडवल मुद्दाम कमी करणं) म्हणतात. तुमचा हेतू छपराचा आहे, यावर माझा विश्वास आहे. पण लम्पसम घेतला आणि पुढच्याच आठवड्यात परदेशी पाठवला, हे कागदावर चांगलं दिसत नाही आणि खुलासा तुम्हालाच करावा लागेल. कर्ज फेडणं मात्र नियमातच मान्य आहे.

म्हणून माझा सल्ला : कर्जाएवढेच काढा. ४ हजार आले की ५ चे ९ होतील, कार्ड लगेच फेडलंत की पुन्हा ५. दोन्ही गोष्टी जर्नलमध्ये कळवा, कार्डाचं आधीचं आणि नंतरचं स्टेटमेंट जपून ठेवा. कौन्सिल टॅक्समध्ये सूट असेल तर कौन्सिललाही कळवा, त्यांचे नियम वेगळे असतात.

छपराचं सांगताना मलाही वाईट वाटतं. पावसाळ्यात गळणारं आईवडिलांचं घर डोळ्यांसमोर असताना 'पाठवू नका' म्हणणं सोपं नाही. पण त्या ८ हजारांपायी इथलं घरभाडं अडायला नको. भावाला खरी परिस्थिती सांगा. गावची एफडी मोडून छपराला लावायची झाली तरी आधी सल्ला घ्या, तिलाही हाच नियम लागतो.

हा पॉट कायमचा झाकलेला राहणार नाही, हेही लक्षात असू द्या. ६७ व्या वर्षी तुमचं सरकारी पेन्शनचं वय होईल. त्यानंतर पॉटला हात लावला नाहीत तरी त्यातून मिळू शकलं असतं एवढं उत्पन्न धरून हिशेब होतो. पत्नी तेव्हा ६४ ची असेल, त्यामुळे पेन्शन क्रेडिटही (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांचा भत्ता) लगेच मिळणार नाही. त्यासाठी दोघांचंही वय व्हावं लागतं.

आता कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारा : फक्त ४ हजार करमुक्त काढून, त्या पाव हिश्श्यासोबतचे बाकी तीन हिस्से, म्हणजे १२ हजार, ड्रॉडाउनमध्ये (न काढता पेन्शनमध्येच गुंतवून) ठेवता येतात का? काही जुन्या योजनांत ही सोय नसते. उत्तर हातात आलं की पेन्शन वाइज या सरकारी मार्गदर्शन सेवेची वेळ घ्या. पन्नाशीपुढच्यांना ते मार्गदर्शन मोफत आहे. सही त्यानंतर.