पोलंडचे पंखवाले घोडेस्वार खरंच असे दिसायचे का?

प्रश्न: पोलिश हुसार घोडेस्वारांची चित्रं हल्ली मोबाईलवर सारखी दिसतात, पाठीवर पिसांचे दोन मोठ्ठे पंख, अंगावर बिबट्याचं कातडं. खरंच असा ड्रेस घालून लढायचे का, की चित्रकारांनी मनाचं घुसडलंय?

उत्तर: पंख होते हो, ते काही थाप नाही, लाकडी पट्टीत पिसं खोचून करायचे. पण पंख कुठे आणि कधी, यात सगळी गोम आहे. चित्र बघताना आधी ते काढलंय कधी ते बघायचं, मग अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

वॉर्सॉच्या नॅशनल म्युझियममध्ये ओर्शाच्या लढाईचं (पोलंड-लिथुआनिया विरुद्ध मॉस्को) चित्र आहे. लढाई १५१४ ची, चित्र त्यानंतर थोड्याच वर्षांतलं. त्यातले हुसार बघितलेत तर ओळखणार नाही तुम्ही, चिलखत नाही, पाठीला पंख नाहीत, नुसते रंगीत अंगरखे, ढाल आणि लांब भाला, बस.

मग येतो स्टॉकहोम रोल, माझा एकदम आवडता. १६०५ साली राजा झिग्मुंट तिसरा याच्या लग्नाची मिरवणूक क्राकोमध्ये शिरली ती कागदावर रंगवलीय, लांबी साधारण १५ मीटर! इथे पंख आहेत, कातडी आहेत, पण पंख बघा, स्वाराच्या पाठीला नाहीत, खोगिराला लावलेत. आणि ही मिरवणूक आहे हे विसरू नका, लग्नात कोण साधे कपडे घालतं? १६५५ नंतरच्या स्वारीत स्वीडिश लोकांनी हा रोल लुटून नेला, तो १९७४ मध्ये पोलंडला परत मिळाला, आता वॉर्सॉच्या रॉयल कॅसलमध्ये असतो.

तुमच्या डोक्यात बसलेला हुसार बराचसा एकोणिसाव्या शतकातला आहे. पोलिश चित्रकार यान मातेय्कोने व्हिएन्नाच्या लढाईवरचं (पोलंडच्या राजाने तुर्कांना हरवलं ती) ते अवाढव्य चित्र १८८३ मध्ये पूर्ण केलं, म्हणजे लढाईला २०० वर्षं झाल्यावर (१६८३, आपल्याकडे संभाजी महाराजांचा काळ), आणि पोपला भेट दिलं, व्हॅटिकनमध्ये आहे. मातेय्को जुनी शस्त्रं, कपडे जमवायचा, अभ्यास दांडगा, पण तेव्हा पोलंड नकाशावरच नव्हता, तीन साम्राज्यांनी वाटून घेतलेला, त्यामुळे त्याला आपल्या लोकांना जुना दिमाख दाखवायचा होता, कपड्यांचा कॅटलॉग नाही.

पाठीवरचे पंख सतराव्या शतकात आले, पण ऐन लढाईत ते कितपत लावायचे यावर अभ्यासकांचं अजून जमत नाही, बरेच जण म्हणतात मुख्यतः परेडसाठीच. मलाही तेच पटतं.

गणवेशाचेच डिटेल्स हवे असतील तर ब्रोनिस्वाव गेम्बाझेव्स्कीची चित्रं शोधा, हा गडी स्वतः सैन्यात होता आणि पुढे वॉर्सॉच्या आर्मी म्युझियमचा डायरेक्टर झाला.