कॅरेक्टर बनवता बनवता संध्याकाळ सरली

प्रश्न : ताई, ऑफिसातल्या चौघांना मी डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) शिकवायला घेतलं, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र (कॅरेक्टर) घेऊन फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा पंच, मीच. रविवारी तीनला मुलुंडला आमच्या घरी जमायचं होतं, मेगाब्लॉकमुळे चार वाजले. साडेसहा झाले तरी कॅरेक्टरंच बनत होती. अकाउंट्समधल्या मुलाने रंगात येऊन एक्सेल उघडलं. विझार्ड, म्हणजे जादूगार, घेतलेली मैत्रीण मात्र पुस्तक मिटून म्हणाली, "हा काय अ‍ॅडमिशनचा फॉर्म आहे?" आता सोपा खेळ आणू, की हिलाच जरा दामटू?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दामटू नका, बिचारी परत यायची नाही.

आधी मला सांगा, विझार्ड तिने घेतला की उरला म्हणून तिच्या गळ्यात पडला? 2014 च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या विझार्डला तीन कँट्रिप (छोटे मंत्र) आणि वहीत लिहायला सहा स्पेल (मोठे मंत्र) निवडावे लागतात. म्हणजे मासळीबाजारात पहिल्यांदाच आलेल्या माणसाला, "नऊ प्रकार घे, आणि काय शिजवणार तेही आत्ताच सांग" म्हणण्यातला प्रकार. तिच्या शेजारी बसलेल्या फायटरला एवढा व्याप नसतो. तो कुठल्या पठडीतला लढवय्या, हे तिसऱ्या लेव्हलला ठरतं. तोवर त्याची चार-दोन भांडणं होऊन गेलेली असतात. बिचाऱ्या क्लेरिकला, म्हणजे पुजाऱ्याला, मात्र पहिल्या दिवशीच ठरवावं लागायचं. 2024 च्या आवृत्तीत सगळ्यांचीच पठडी तिसऱ्या लेव्हलवर नेली, ते फार बरं झालं.

तेव्हा पुस्तक किती जाड आहे याचा मला तितका त्रास होत नाही. ज्याचा अर्थ अजून कळलेला नाही ते आधीच ठरवायला लावतात, तिथे माणूस कंटाळतो.

हे मी स्वतः करून बसलेय. डीअँडडीची साडेतीन (3.5) आवृत्ती नवीन होती तेव्हाची गोष्ट. दादरला आमच्या बाहेरच्या खोलीत झेरॉक्सच्या पानांवर खेळ चालायचा. एका मित्राने हाफलिंग रोग (Rogue), म्हणजे बुटक्या जमातीतला चोर, घेतला. त्या आवृत्तीत रोगला सुरुवातीलाच आठ अधिक बुद्धीचा बोनस, गुणिले चार, इतके स्किल पॉइंट, म्हणजे कौशल्यांत वाटायचे गुण. याचे झाले चाळीस, आणि एका स्किलला चारच्या वर देता येत नाहीत. गडी दीड तास खोडरबर घेऊन बसला. कुलूप उघडण्यातून एक काढून दोरावरून चालण्यात घालायचा, मग परत उलटं. शेवटी कागदाला भोक पडलं. खेळ सुरू झाला आणि पहिल्याच लढाईत दोन लांडग्यांनी त्याला संपवला. दोरी त्या दिवशी कुठे आलीच नाही.

तेव्हापासून मी आधी एवढंच बघते, की या खेळात माणूस किती पटकन मरतो. 1974 च्या पहिल्या डीअँडडीत तीन फासे सहा वेळा टाकायचे, तीनांतला एक क्लास, म्हणजे पेशा, घ्यायचा, सामान विकत घेऊन निघायचं. जादूगाराचे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) एका फाशावर पडतील तेवढेच, त्यामुळे मेला तर चहा निवायच्या आत दुसरा तयार. वर्षभर चालणाऱ्या कॅम्पेनला, म्हणजे एकाच लांब गोष्टीला, मात्र अख्खी संध्याकाळ दिली तरी माझी हरकत नाही. 1977 च्या ट्रॅव्हलर या अंतराळातल्या खेळाने तर याचाच जुगार केला. चार-चार वर्षांची नोकरी करत कॅरेक्टर घडवायचं, आणि दर वेळी जगला का यासाठी फासे टाकायचे. जुन्या नियमांत तो खेळ सुरू व्हायच्या आधीच मरू शकायचा! तिथे बनवणं हाच खेळ, म्हणून वेळ गेल्याचं वाईट वाटत नाही.

सोप्या खेळाचं म्हणाल, तर लेझर्स अँड फीलिंग्स या एकपानी खेळात दोन ते पाचमधला एक आकडा निवडला की मुख्य काम झालं. भाचरांबरोबर मी तो खेळले, हसून हसून पोट दुखलं. तिसऱ्या बैठकीला मात्र सगळ्यांची माणसं मला सारखीच वाटायला लागली. आणि तुमचा एक्सेलवाला तिथे उपाशी राहील. त्याचाही विचार करा. एकट्याने घरी बसून जुळवाजुळव करणं हा त्याचा अर्धा खेळ आहे. त्याला पाचव्या लेव्हलचं कॅरेक्टर घरी बनवायला द्या, पुढे कधीतरी वापरता येईल. फक्त टेबलावर लॅपटॉप नको.

पुढच्या रविवारी चार तयार कॅरेक्टरं छापून न्या. 2014 च्या स्टार्टर सेटमध्ये पाच येतात, तीही चालतील. नाव आणि एक खोड, एवढंच ज्याचं त्याने लिहायचं. मैत्रिणीला विझार्डच हवा असेल तर सहांपैकी दोन स्पेल तुम्ही भरा, चार जागा कोऱ्या ठेवा. खेळता खेळता "इथे झोपवता आलं असतं तर" असं ती म्हणाली, की त्याच क्षणी स्लीप लिहून टाकायचा. नियमात हे बसत नाही, पण डीएम तुम्हीच आहात. दोन बैठकांनंतर कोणाला कॅरेक्टर बदलायचं असेल तर खुशाल बदलू दे.

आणि मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारीच बघून ठेवा.