खालच्या थरात कर्नाटकचा आंबा भरायचा का?

पत्र : देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत. मुंबई-पुण्याला मी ५ डझनांच्या पेट्या घरपोच पाठवते. यंदा मोहोर गळला. बुकिंग १२० पेट्यांचं, माल जेमतेम ७० पेट्यांचा. सासरे म्हणतात, वरचा थर आपला लावू, खाली कर्नाटकचा आंबा भरू, कुणाला कळतंय? मला झोप लागत नाही. काय करू? – एक सून

उत्तर : ताई, कळतं हो. दोन्ही आंबे एकाच दुपारी, एकाच ताटात चिरले जातात. तुमच्याकडच्या हापूसची साल पातळ, आत केशरी. कर्नाटकच्या आंब्याची साल जाड, गर पिवळसर, वासही बेताचा. शिवाय २०१८ पासून हापूसला जीआय (भौगोलिक निर्देशांक, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव) मानांकन आहे, ते कोकणातल्या ५ जिल्ह्यांपुरतं. खोटं नाव लावणं हा गुन्हा आहे.

मामंजींशी वाद घालू नका, त्यांच्यासमोर हिशेब मांडा. ७० पेट्या म्हणजे ३५० डझन. प्रत्येकाला ३ डझन दिले तर ११६ घरं होतात. चौघांनी पैसे परत मागितले की बाकी सगळ्यांना आपलाच आंबा पुरतो. बाहेरून काही आणायलाच नको.

मग फोन करा, पेट्या भरायच्या आधी. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकच मेसेज टाकला तर निम्मे तो वाचत नाहीत आणि पेटी हातात पडल्यावर भांडतात. बोलणं एवढंच : "यंदा माल कमी आहे. ५ ऐवजी ३ डझन देते, २ डझनांचे पैसे आत्ता परत पाठवते. नको असेल तर सगळे पैसे परत पाठवते." फोन ठेवल्या ठेवल्या पैसे पाठवा. "नंतर बघू" म्हटलंत की खऱ्यावरही विश्वास बसत नाही. काही जण चिडतील, चिडू द्यात. कुणी कर्नाटकचाच मागितला तर वेगळी पेटी, वर तेच नाव आणि त्याचाच भाव.

आणखी एक करा. प्रत्येक पेटीत चिठ्ठी ठेवा : काढणीची तारीख, बागेचा कुठला भाग, आणि "साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे भरून देऊ." साका बाहेरून दिसत नाही. आंबा चिरल्यावरच आतला पांढरट, स्पंजासारखा गर दिसतो. ज्या गिऱ्हाईकाला तुम्ही फोनवर खरं सांगितलंत, ते तुम्हालाही खरं सांगतं : बारात दोन निघाले, तीन निघाले. एरवी नाराज माणूस काही बोलत नाही, पुढच्या वर्षी दुसरीकडून आंबा घेतो.

एकाच तारखेच्या चिठ्ठीवर तीन-चार घरांतून फोटो आले, तर त्या दिवशी काढणी किती वाजता झाली आणि आंबा तापल्या कातळावर किती वेळ पडून होता ते आठवा. साक्याचं मोठं कारण उष्णता. बागेच्या त्या भागातला आंबा पुढच्या वेळी उन्हं चढायच्या आत, देठासकट झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) उतरवा आणि थेट सावलीत, गवतावर ठेवा.