'स्टुडंट-अ‍ॅथलीट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या दुखापतींवरच्या लेखाचा अनुवाद चालू आहे. त्यात 'स्टुडंट-अ‍ॅथलीट' पानोपानी येतं. 'विद्यार्थी-अ‍ॅथलीट' चालेल, की 'खेळाडू विद्यार्थी' लिहावं? आणि 'कन्कशन'चं काय करायचं?

आधी 'अ‍ॅथलीट' बाजूला काढू. मराठीत अ‍ॅथलीट म्हटलं की धावणारा, उड्या मारणारा, भाला नाहीतर गोळा फेकणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. कबड्डीपटूला आपण अ‍ॅथलीट म्हणत नाही. अमेरिकेत कुठलाही खेळ खेळणारा अ‍ॅथलीट, आणि 'कॉलेज अ‍ॅथलेटिक्स' म्हणजे कॉलेजातले झाडून सगळे खेळ. म्हणून 'खेळाडू'च. फुटबॉलच्या आधीही निदान पहिल्यांदा 'अमेरिकन' लावा, नाहीतर कोल्हापूरचा वाचक आपला पायाने खेळायचा फुटबॉल समजून पुढे जाईल आणि हेल्मेटपाशी अडखळेल.

आता क्रम. मराठीत अशा जोडीत वजन शेवटच्या शब्दावर पडतं. 'खेळाडू विद्यार्थी' हा मुळात विद्यार्थी. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांबद्दल बोलताना आपण हेच म्हणतो आणि तिथे ते चपखल आहे. 'विद्यार्थी-खेळाडू' हा मुळात खेळाडू, जो शिकतोही आहे. तुमच्या लेखात हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण ही संज्ञा जन्मली तीच नुकसानभरपाईच्या वादातून.

1953 मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाच्या नेमेथ या जखमी फुटबॉलपटूला कर्मचारी ठरवून भरपाईचा हक्क दिला. कॉलेजांचे धाबे दणाणले. 1955 मध्ये त्याच राज्यातल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. 1957 मध्ये न्यायालयाने ती नाकारली: कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असं म्हणून. याच काळात कॉलेजातल्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने 'स्टुडंट-अ‍ॅथलीट' ही संज्ञा घडवली आणि आपल्या नियमांत सगळीकडे पेरली. तेव्हाचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी 1995 मध्ये आपल्या आठवणींत हे स्वतःच लिहिलं. खेळाडू कामगार ठरू नये, ही धडपड त्यामागे होती. 1974 च्या सामन्यात लुळा पडलेला टेक्सासचा केंट वॉल्ड्रेप भरपाईसाठी झगडला. 2000 मध्ये अपील न्यायालयाने तो विद्यापीठाचा कर्मचारी नव्हता, हाच निकाल कायम ठेवला.

2021 मध्ये तिथल्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या मुख्य कायदा अधिकारी जेनिफर अब्रूझो यांनी हा शब्द दिशाभूल करणारा असल्याचं लेखी मांडलं आणि त्याऐवजी 'शिक्षणसंस्थांतले खेळाडू' असा प्रयोग केला. त्यांचं ते टिपण 2025 मध्ये मागे घेतलं गेलं. म्हणजे शब्दावरचा वाद मिटलेला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. एनसीएएचा नियम किंवा कुणाचं बोलणं उद्धृत करत असाल, तिथे 'विद्यार्थी-खेळाडू' अवतरणात ठेवा. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यांत सरळ 'खेळाडू' किंवा 'कॉलेजचे फुटबॉलपटू' लिहा. 'खेळाडू विद्यार्थी' मात्र इथे टाळाच. ज्याची मान मोडली त्याच्या उपचारांचा खर्च कुणी करायचा, हा मूळ प्रश्न त्या गोड शब्दाखाली दबतो.

'कन्कशन'साठी 'डोक्याला इजा' पुरत नाही. वाचकाला रक्त आणि टाके दिसतात. इथे कवटी शाबूत असते, मेंदू आतल्या आत हलतो, हेल्मेट घालूनही. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द रोजच्या बोलण्यात आहे: मुका मार. 'मेंदूला बसलेला मुका मार' असं एकदा लिहा आणि पुढे खुशाल 'कन्कशन' वापरा. 'मस्तिष्काघात' नको. त्याने पक्षाघाताशी घोळ होतो.

जाता जाता 'टॅकल'. कबड्डीतली 'पकड' जवळची वाटते, पण या खेळात समोरच्याला जमिनीवर आणायचं असतं. आयव्ही लीग या तिथल्या नामांकित विद्यापीठांच्या गटातल्या प्रशिक्षकांनी 2016 मध्ये घेतलेला निर्णय मी असा लिहीन: हंगाम चालू असताना सरावात एकमेकांना अंगावर जाऊन पाडायचं नाही.