मुंबईहून रत्नागिरीपर्यंत स्वतःची गाडी नसताना फेरीबोट आणि एसटीने किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येईल का?

जाता येतं, आणि तुमच्या ६८ वर्षांच्या आईंना घेऊनही जाता येतं. डिसेंबरात निघणार आहात आणि परतीची घाई नाही, हे तर फारच बरं. मी शृंगारतळीचा, म्हणजे गुहागर तालुक्यातला. आमच्याकडे खाडी ओलांडणं हे बाजाराला जाण्यासारखंच असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या वाटेवर बोटीची चिंता करू नका, एसटीची करा. फेरीबोट दिवसभर ये-जा करत असते. एसटी चुकली की मात्र दुपार गेली. एसटीचा कारभार तालुक्याच्या गावाभोवती चालतो. सकाळी खेड्यातली माणसं तालुक्याला न्यायची, संध्याकाळी परत आणून सोडायची. जेटीचं गाव म्हणजे त्या गाडीचं शेवटचं टोक. खाडीपलीकडे दुसरा डेपो, बागमांडल्याला तर दुसरा जिल्हाच. अलीकडच्या गाडीला पलीकडच्या गाडीशी काही देणंघेणं नसतं, आणि बोटवाल्यांना दोन्हींशी नसतं.

म्हणून माझा हिशोब साधा आहे: दिवसाला एकच खाडी, आणि मुक्काम डेपोच्या गावात. मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी. पाचही ठिकाणी डेपो आहे आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये एक खाडी येते. सकाळी स्टँडवरून जेटीकडे जाणारी गाडी धरायची. पलीकडे काही चुकलंच तरी हातात अख्खा दिवस असतो.

अलिबागपर्यंतचा टप्पा सोपा. गेटवेहून लाँच किंवा कॅटामरानने मांडवा. बहुतेक लाँच कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. सबंध प्रवासात बोटीला जोडून बस मिळते ती इथेच, पुढे ही सवय विसरा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, पण जाते. आईंना लाँचमध्ये चढायची भीती वाटत असेल तर तीच घ्या, ती मोठी आणि कमी हलणारी. (पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, डिसेंबरात तो प्रश्न नाही.) अलिबागहून रेवदंडा, काशीदमार्गे मुरुडला एसटी आहेत.

दुसऱ्या दिवशी मुरुडहून आगरदांडा, तिथून फेरीबोटीने दिघी. एसटी नसली तर रिक्षा करा, अंतर फार नाही. दिघीला उतरल्यावर श्रीवर्धनची गाडी बोर्ली पंचतनवरून जाते, दिवेआगर तिथून जवळ.

तिसरा दिवस सगळ्यात कटकटीचा. श्रीवर्धनहून हरिहरेश्वरच्या बाजूने बागमांडला, आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी. बोट दहा-पंधरा मिनिटांची, पण वेसवीला उतरलात की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो आणि गाड्या कमी होतात. नकाशात बाणकोट, केळशी, आंजर्ले असा किनाऱ्याचा रस्ता दिसेल. फार सुंदर आहे, पण एसटीने त्याच्या मागे लागू नका. सरळ मंडणगड गाठा आणि तिथून दापोली. केळशी-आंजर्ल्याला राहायचंच असेल तर दापोलीहून उलट या, आणि मुक्कामाच्या घरी पहिला प्रश्न विचारा, 'वस्तीची गाडी किती वाजता सुटते?' रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी ही गाडी बाकी फेऱ्यांपेक्षा भरवशाची, कारण ती आधीच गावात उभी असते.

दुपारच्या गाड्यांचं तसं नाही. त्यातल्या बऱ्याच शाळा-कॉलेजच्या वेळेला बांधलेल्या असतात. रविवारी आणि सुट्टीत त्या धावत नाहीत, आणि बाहेरच्या माणसाला हे कुणी आपणहून सांगत नाही. नाताळच्या सुट्टीत येणार असाल तर फळ्यावरच्या वेळा बघून समाधान मानू नका. चौकशीच्या खिडकीवर 'उद्या ही गाडी नक्की आहे ना?' असं विचारा.

दापोली ते दाभोळ गाड्या बऱ्या आहेत. दाभोळच्या जेटीजवळच जुनी अंडा मशीद आहे, बोटीला वेळ असला तर पाहून घ्या. वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे. ही फेरीबोट २००३ साली सुरू झाली, त्याआधी गाडीवाल्यांना चिपळूणकडून सगळा वळसा पडायचा. बोटीतून वीज प्रकल्प दिसतो तो 'दाभोळचा' म्हणून प्रसिद्ध, प्रत्यक्षात आहे आमच्या बाजूला, अंजनवेलला.

गुहागरहून शेवटची खाडी शास्त्रीची: तवसाळ ते जयगड. तवसाळच्या गाड्या मोजक्या, तेव्हा आदल्या संध्याकाळी गुहागर स्टँडवर वेळ विचारून ठेवा. आईंना हेदवीचा दशभुज गणपती दाखवायचा असेल तर त्या दिवशी सरळ रिक्षा ठरवा, देऊळ करून तवसाळ जेटीला सोडायला सांगा. पैसे जातील, पण इथे वाचवू नका. जयगडहून गणपतीपुळे आणि पुढे रत्नागिरी.

पायी माणसाला या बोटींवर एक मोठं सुख आहे. जोडून सुट्ट्या आल्या की गाड्यांची रांग जेटीपासून पार वरच्या वळणापर्यंत जाते. तुम्ही पिशवी घेऊन रांगेच्या कडेने खाली चालत जायचं, तिकीट काढायचं आणि मासळीच्या टोपल्या, दुचाक्या चुकवत वर चढायचं. आईंना कठड्याजवळच्या बाकावर बसवा आणि तुम्ही गाडीवाल्यांशी गप्पा मारा. पलीकडे उतरून बहुतेक सगळे एकाच रस्त्याने जाणार असतात. वयस्कर बाई सोबत दिसली की 'बसा ना, सोडतो' म्हणणारा कुणीतरी निघतोच. मला तरी हा मार्ग वडापच्या (सीटवर भाडं घेणाऱ्या खाजगी) गाडीत कोंबून जाण्यापेक्षा बरा वाटतो.

खर्चाचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे आईंचं ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड नसलं तरी अडत नाही. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा ठरावीक दिवसांचा पास या प्रवासासाठी काढू नका. टप्पे लहान आहेत, पैसे वसूल होणार नाहीत, आणि बोटीला तो चालतही नाही. सुट्टे पैसे भरपूर ठेवा. जेटीवर मोबाइलला रेंज असेलच असं नाही.