‘रडगाणी वाचून नोकरी लागते का?’

प्रश्न : मी नाशिकला एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी ‘वैचारिक आणि आत्मपर गद्यातलं मानसिक दुःख आणि साथ न देणारा भोवताल’ हा विषय घेतलाय. वडील सातपूरला कारखान्यात आहेत. ते म्हणतात, ‘रडगाणी वाचून नोकरी लागते का?’ घरात माझं कुणी ऐकून घेत नाही. विषय बदलू का? पुढे समुपदेशक होता येईल का?

उत्तर : विषय बदलू नकोस. फक्त वेगवेगळ्या लेखिकांची तुलना कशाच्या आधारे करायची ते आधी ठरव. कुणाचं दुःख मोठं हे मोजायला बसलीस तर चार पानांत अडकशील. लिहिणारी बाई कुणाशी बोलतेय आणि भोवतालचं काय दाखवतेय, एवढं धरून वाच.

मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात आला तेव्हा ती चौदा वर्षांची, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुलगी होती. मांग-महार बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, असं ती लिहिते. वारा, पाऊस, थंडी, सगळं अंगावर. त्या नसलेल्या छपरातच अख्खा समाज दिसतो. आणि ती बोलते ते ‘आम्ही’ म्हणून. ताराबाई शिंदे १८८२च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’मध्ये थेट पुरुषांना जाब विचारतात. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरच्या खटल्याचं. तिथे दुःखाचा संताप झालाय. यांच्या शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेव. हे आत्मचरित्र आहे, म्हणून तुझ्या विषयाला हवंच, शिवाय लक्ष्मीबाई आपल्या जवळच्या जलालपूरच्या. वडिलांच्या सोवळ्यापायी घरादाराचे झालेले हाल त्या अशा सांगतात की आधी हसू येतं आणि मग घशात काहीतरी अडकतं. मला स्वतःला हीच रीत सर्वांत अवघड वाटते. तिच्यावर एक पूर्ण प्रकरण लिही. पुस्तकांसाठी सार्वजनिक वाचनालयात जा. १८४० सालापासूनचं ते वाचनालय आपल्या गावात असताना मोबाइलवरच्या तुकड्यांवर भागवू नकोस.

आता नोकरीचं. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागेल. त्यासाठी एम. ए.ला खुल्या गटात ५५ टक्के हवेत. संपादन आणि अनुवाद या कामांत नेमकं वाचणाऱ्या माणसाची गरज असते. समुपदेशनाकडे मात्र मराठीच्या एम. ए.वरून थेट जाता येत नाही. मानसिक आजारांवर उपचार करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठी मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम लागतो. एम. एस. डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला जाता येतं. तुझा कल पाहता मी आधी त्याचा विचार केला असता. पण निर्णयाआधी एखाद्या सामाजिक संस्थेत दोन महिने काम करून बघ. दुःखाबद्दल वाचणं वेगळं आणि समोर रडणाऱ्या माणसापाशी तासभर बसणं वेगळं.

पत्रातलं ‘माझं कुणी ऐकून घेत नाही’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. प्रकल्प त्या वाक्यातूनच निघाला असेल तर त्यात काही गैर नाही. पण त्याचा भार एकट्या प्रकल्पावर टाकू नकोस. मार्गदर्शक शिक्षिकांशी बोल. झोप उडाली, जेवण जाईना, मन फार खचलं, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन कर. सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं.

वडिलांशी वाद घालत बसू नकोस. मुक्ताचा निबंध लहानसा आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, त्यांचा चहा झाल्यावर, त्यांना तो मोठ्याने वाचून दाखव. ते काय म्हणाले, ते मला जरूर कळव.